अळूची खाज, मोरपिसाचा निळा

भिंगाखाली ठेवायला रॉबर्ट हुकने सगळ्यात आधी सुई उचलली. त्याचं ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक 1665 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने काढलं. त्यातलं पहिलंच निरीक्षण बारीक सुईच्या टोकाचं आहे. बोटाला टोचणारं ते टोक भिंगात बोथट, ओरखडलेलं, खड्डे पडलेलं दिसतं. त्याच निरीक्षणात छापील पुस्तकातला पूर्णविरामही आहे. तो गोल ठिपका नसून शाईचा फरकाटा निघाला. पुढे वस्तऱ्याची धार, तलम कापड, रेशीम, बूच, एका छोट्या पुस्तकाच्या लाल चामडी पुठ्ठ्यावर उगवलेली बुरशी, पूर्वेकडून आलेल्या खाजकुयलीचे केस, मोराचं पीस, माशीचे डोळे, पिसू आणि ऊ अशी एकूण साठ निरीक्षणं येतात. पिसूचं चित्र इतकं मोठं होतं की पुस्तकातली घडी उलगडूनच ते पाहावं लागे. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला सॅम्युएल पेपीस हे पुस्तक वाचत रात्री दोन वाजेपर्यंत जागा राहिला होता.

या निरीक्षणांवरून हुकने एक मत मांडलं. माणसाने घडवलेली वस्तू जितकी जवळून पाहावी तितकी ओबडधोबड दिसते, निसर्गाने घडवलेली जितकी जवळून पाहावी तितकी रेखीव दिसते. ईश्वराच्या कारागिरीचा पुरावा म्हणून त्या काळाला ते पटलंही. अजूनही सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांखाली हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सापडतं, आणि आता ते मुळीच खरं नाही. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीकसा थेंब टाकून पाहा. थेंबाचंच भिंग होतं आणि पांढऱ्या भागात लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची शिस्तीत मांडलेली जाळी दिसते. 500 रुपयांच्या नोटेवर ‘भारत’ आणि ‘इंडिया’ ही अक्षरं इतकी बारीक छापलेली असतात की साध्या नजरेला ती नुसती रेघ वाटते. मोबाइलच्या आतल्या चिपवरची नक्षी तर प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू शकत नाही. सुई आणि पिसूची तुलना करून हुक जिथे थांबला, तिथे आपण थांबण्याचं कारण नाही.

माझ्या मते मोठी झालेली वस्तू हे उत्तरच नव्हे. रोजच्या वस्तूंचे गुण आपल्या हातांना, जिभेला, डोळ्यांना आधीच ठाऊक असतात. एखादी खाजते, एखादी चमकते, एखादी तव्यावर तडतडते. त्या गुणाचं कारण तिच्या बांधणीत सापडलं, तरच भिंगाचा उपयोग झाला. या कसोटीवर गेल्या साडेतीन शतकांतलं पाहणं लावून बघितलं, तर नुसती थक्क करणारी चित्रं बरीच गळून पडतात आणि काही साध्या गोष्टी वर येतात.

या प्रकारचं कारण शोधायला निघालेल्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक म्हणजे डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक. त्याला लॅटिन येत नव्हतं. 1673 पासून 1723 मध्ये मरेपर्यंत तो रॉयल सोसायटीला डच भाषेतच पत्रं लिहीत राहिला. त्याचं यंत्र म्हणजे धातूच्या छोट्या पट्टीत बसवलेलं एकच इवलं भिंग. त्याच्या आज उरलेल्या भिंगांपैकी सर्वांत ताकदवान भिंग वस्तू सुमारे 270 पट मोठी दाखवतं. काळी मिरी तिखट का लागते, हा त्याचा प्रश्न होता. मिरीच्या कणांना अणकुचीदार टोकं असावीत आणि ती जिभेला टोचत असावीत, असा त्याचा कयास होता. डेल्फ्टमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचं एक दालनच होतं, त्यामुळे मलबारच्या मिरीला तिथे तोटा नव्हता. त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि काही दिवसांनी त्या पाण्याचा थेंब पाहिला. त्यात सुया नव्हत्या. वळवळणारे जीव होते, आणि त्यांतले काही इतके लहान की आजवर कोणी त्यांची कल्पनाही केली नव्हती. 1676 च्या ऑक्टोबरातलं त्याचं पत्र म्हणजे जीवाणूंचं पहिलं सविस्तर वर्णन. मिरीचा तिखटपणा पिपरीन नावाच्या रेणूमुळे असतो, तो काचेच्या कुठल्याही भिंगात दिसण्यासारखा नाही.

लेव्हेनहूकने मिरीत शोधलेल्या सुया अळूमध्ये आहेत. अळूच्या देठाचा रस काचपट्टीवर घेऊन शंभर-दीडशे पटींनी पाहिला की सुयांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिसतात. हे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना रॅफाइड म्हणतात. एकेका खास पेशीत असा एक गठ्ठा भरलेला असतो. पेशीत पाणी शिरून ती ताणली गेली की तिच्या टोकातून सुया बाहेर फेकल्या जातात, आणि ताज्या रसात हे कधीकधी डोळ्यांदेखत घडतं. आणखी मोठं करून पाहिलं तर सुयांच्या अंगावर खाचा आणि उलटे काटे आहेत. हाताची खाज, घशाची खवखव इथूनच सुरू होते. पण सगळा दोष सुयांचा नाही. सुया स्वच्छ धुऊन त्यांवरचं प्रथिन काढून टाकलं, तर नुसत्या सुयांचा त्रास बराच कमी होतो, असं प्रयोगांत आढळलं आहे. सुई कातडीत वाट करते आणि प्रथिन त्या वाटेने आत शिरतं. म्हणूनच अळू नीट शिजवावा लागतो. उष्णतेने प्रथिन बिघडतं, सुया मात्र फदफद्यात तशाच राहतात आणि आपण त्या निमूट गिळतो. खाज जावी म्हणून घातलेल्या चिंचेचं श्रेय थोडं कमी करावं लागेल, कारण सौम्य आम्लात कॅल्शियम ऑक्झलेट जवळपास विरघळत नाही. सुरणातही याच सुया असतात. खाजकुयलीची गोष्ट थोडी निराळी. तिच्या शेंगेवरचे केस पोकळ व टोकदार असतात आणि खाज आणणारं प्रथिन त्या केसांतच असतं. हुकने त्या केसांचं वर्णन नेमकं केलं. प्रथिनाचा पत्ता त्याला लागणं मात्र शक्यच नव्हतं.

त्याच अळूच्या पानाचा वरचा पृष्ठभाग म्हणजे वेगळाच विषय आहे. अळवावरच्या पाण्याने मराठी कीर्तनकारांना क्षणभंगुरतेचा दाखला पुरवला, पण थेंब ठरत का नाही हे कळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. जर्मनीत विल्हेल्म बार्थलॉट हा वनस्पतिशास्त्रज्ञ 1970 च्या दशकात पानांचे पृष्ठभाग तपासत होता. काही पानं तपासणीपूर्वी धुवावी लागत, काही मात्र आपोआपच स्वच्छ असत, हे त्याच्या लक्षात आलं. स्वच्छ राहणारी पानं गुळगुळीत नसून उलट खडबडीत निघाली. पेशींना बारीक उंचवटे आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे आणखी बारीक कण. थेंब फक्त उंचवट्यांच्या माथ्यांवर टेकतो, खाली हवा अडकून राहते. थेंबाच्या बुडाला जी चांदी चकाकते ती या हवेच्या थरावरून परतणाऱ्या प्रकाशाची. थेंब घरंगळताना पानावरची धूळ उचलून नेतो. 1997 साली बार्थलॉट आणि त्याचा सहकारी नाइनहुइस यांनी हे तपशीलवार मांडलं तेव्हा नाव कमळाचं झालं, पण त्यांच्या प्रयोगांत अळूही होता. पान बोटाने जोरात चोळलं की मेण जातं आणि त्या जागी पाणी पसरतं. हे तपासायला भिंगही लागत नाही.

स्वयंपाकघरातल्या बाकी वस्तूंपैकी मिठाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मिठाचे कण चौकोनी असतात हे शाळेच्या पुस्तकात आहेच. मिठागरातल्या जाड्या मिठाकडे मात्र थोडं थांबून पाहावं. त्याचे खडे धुरकट दिसतात, कारण आत समुद्राच्या पाण्याचे बारीक थेंब कोंडलेले असतात. खडा आगीवर पडला की त्या पाण्याची वाफ होते आणि तो फुटतो. खडेमीठ तडतडतं ते यामुळे.

हळद अधिक रंजक. बटाटा, तांदूळ, गहू, मका या सगळ्यांत स्टार्च असतो, पण भिंगाखाली प्रत्येकाचे कण आपापल्या घडणीचे असतात. बटाट्याचे मोठे, लंबगोल, कधीकधी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत पोचणारे. तांदळाचे अगदी बारीक, कोनदार, पाच-सहा मायक्रॉनचे. गव्हाचे मोठे आणि छोटे असे दोन आकार एकत्र. काचपट्टीच्या खाली आणि वर पोलरायझर लावून पाहिलं तर प्रत्येक अखंड कणावर काळी फुली उमटते. आता हळकुंडं काढल्यावर शेतकरी ती आधी शिजवतो आणि मग वाळवतो. शिजताना स्टार्चचे कण फुगून एकमेकांत मिसळतात, फुली पुसली जाते. त्यामुळे सांगलीच्या बाजारातल्या शिजवलेल्या हळदीच्या पुडीत भिंगाखाली पिवळे, आकारहीन गोळे दिसायला हवेत. त्यांच्यात फुलीवाले सुटे, पांढरे कण भरपूर आढळले तर कुणीतरी त्यात पीठ मिसळलेलं असण्याची दाट शक्यता. न शिजवता वाळवलेली हळदही असते, म्हणून हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही. अन्नभेसळीच्या प्रयोगशाळा तरीही इथूनच सुरुवात करतात, कारण एक थेंब पाणी आणि पाच मिनिटं एवढाच खर्च आहे. मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेटसारखे रंग मात्र रासायनिक चाचणीनेच पकडावे लागतात.

दुधाचा थेंब पाण्यात पातळ करून पाहिला तर चरबीचे गोल थेंब दिसतात, आणि ते सारखे थरथरत असतात. ही थरथर जिवंतपणाची नाही. 1827 मध्ये रॉबर्ट ब्राउनने परागकणांतल्या सूक्ष्म कणांची अशीच हालचाल पाहिली. आधी त्याला ती जीवनशक्ती वाटली असती, पण निर्जीव धुळीचे कणही तसेच नाचतात हे त्याने तपासून घेतलं. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात म्हणून हे होतं, याचं गणित आइन्स्टाइनने 1905 मध्ये मांडलं. म्हशीच्या दुधातले चरबीचे गोळे गाईच्या दुधापेक्षा सरासरीने मोठे असतात. होमोजिनाइज केलेल्या दुधात ते दाब देऊन फोडून इतके बारीक केलेले असतात की वर तरंगून येत नाहीत. पिशवीच्या दुधाला साय धरत नाही म्हणून दूधवाल्याला बोल लावण्याआधी पिशवीवरचा मजकूर वाचावा. दह्यात हेच गोळे असतात, शिवाय मेथिलीन ब्लू हा रंग लावल्यावर काड्यांसारख्या आणि मण्यांच्या माळांसारख्या दोन तऱ्हांचे जीवाणू.

कपड्यांच्या बाबतीत भिंग तर रोजच्या व्यवहारात आहे. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, जेमतेम पंधरा-वीस मायक्रॉन रुंद आणि दोन-तीन सेंटिमीटर लांब. बोंडात ती गोल नळी असते. बोंड फुटून वाळलं की नळी चपटी होते आणि तिला पीळ पडतो. भिंगाखाली कापूस म्हणजे पीळ पडलेली फीत. या पिळांमुळेच तंतू एकमेकांना धरतात आणि सूत निघतं. कच्च्या तंतूची भिंत पातळ असते, त्याला पीळ नीट पडत नाही, तो गुंतून गाठी होतो आणि रंग घेत नाही. 1924 साली मुंबईत माटुंग्याला कापसाची तंत्रशाळा सुरू झाली, आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. कापसाची पक्वता मोजण्याची जुनी पद्धत अशी: तंतू 18 टक्के कॉस्टिक सोड्यात फुगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पक्के, अर्धकच्चे, कच्चे असे मोजायचे. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या कापसाची प्रत शेवटी या भिंतीच्या जाडीवर येऊन ठरते. कॉस्टिक सोड्याने पीळ सुटून तंतू गोल होतो, हे 1844 मध्ये जॉन मर्सरला इंग्लंडमध्ये सापडलं. मर्सराइज्ड सुताची झळाळी अशा गोल तंतूंवरून येते.

रेशीम याच्या उलट. रेशमाच्या धाग्याला पीळ नाही, सांधे नाहीत, आणि आडवा छेद घेतला तर कोपरे गोलसर झालेला त्रिकोण दिसतो. त्या सपाट बाजूंवरून प्रकाश परततो, म्हणून पैठणी हलली की झळाळी सरकत जाते. जरीचा धागा भिंगाखाली ठेवला तर मधल्या धाग्याभोवती धातूची चपटी पट्टी गुंडाळलेली दिसते. पट्टीऐवजी रंग दिलेलं प्लॅस्टिक असेल तर तेही लपत नाही. पॉलिएस्टर म्हणजे काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत, एकसारखा धागा. लोकरीचा तंतू कौलारू घरासारखा. खवले एकावर एक, सगळे टोकाच्या दिशेने. हे खवले एकमेकांत अडकतात, म्हणून लोकर गरम पाण्यात चोळली की आटते. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीत पुष्कळ केसांच्या मधून पोकळ नाळ जाते. घोंगडी अंगाला टोचते ती या केसांच्या जाडीमुळे.

माणसाचा केस साधारण लोकरीसारखाच, खवले मात्र चपटे आणि अंगासरशी. तो पोलादापेक्षा पन्नासएक पटींनी मऊ, तरी दाढीने पातं बोथट होतं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच पात्याने केस कापून पाहिले. केस पात्याला तिरका भेटला आणि त्या जागी पोलादाची घडण असमान असली, की धारेचा बारीकसा टवका उडतो. हुकने वस्तऱ्याची धार खडबडीत असल्याचं दाखवलं होतं, आणि ती तशी होते कशी हे कळायला साडेतीनशे वर्षं गेली.

मोरपिसाबाबतीत मात्र हुकने एकट्याने बरीच मजल मारली. पीस पाण्यात भिजवलं की त्याचे बदलते रंग जातात आणि वाळलं की परत येतात, हे त्याने नोंदवलं. हे रंग पिसात मिसळलेल्या रंगद्रव्याचे नसून त्याच्या बारीक थरांचे असावेत, असं अनुमानही त्याने काढलं. अनुमान बरोबर निघालं. मोराच्या निळ्या भागाची पूड केली तर निळी पूड मिळत नाही, मळकट तपकिरी मिळते. पिसाच्या तंतूंवरच्या सूक्ष्म फांद्यांत मेलॅनिनच्या कांड्या ओळीने रचलेल्या असतात. 2003 साली चिनी संशोधकांनी या कांड्यांमधलं अंतर मोजलं. निळ्या भागात ते सुमारे 140 नॅनोमीटर, हिरव्यात सुमारे 150. दहा नॅनोमीटरच्या फरकाने निळ्याचा हिरवा होतो. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातल्या मॉर्फो फुलपाखराचा निळाही असाच. त्याच्या पंखावरच्या खवल्यांत रंगद्रव्याचा निळा नाही, थर आहेत.

इथे काचेच्या भिंगाची हद्द येते. एर्न्स्ट आबेने 1873 मध्ये दाखवून दिलं की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत. म्हणजे व्यवहारात 200 नॅनोमीटर, मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. भिंत चढणारी पाल नेमकी याच हद्दीवर चकवते. तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या आणि त्यांवर बारीक केस आहेत, हे साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसतं. प्रत्येक केस पुढे शेकडो फाट्यांत विभागला जातो आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला सुमारे 200 नॅनोमीटर रुंदीचं चपटं पातं असतं, हे मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं. त्या पात्यांचा भिंतीशी इतका निकट संबंध येतो की रेणूंमधलं एरवी क्षीण आकर्षण पुरेसं ठरतं. डिंक नाही, नखं नाहीत, हवा ओढून घेणं नाही. चिकटायला सोपी आणि सोडायला त्याहून सोपी, कारण केसाचा कोन बदलला की पातं सुटतं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक 1931 मध्ये बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी उभा केला. रुस्काला त्याबद्दल नोबेल मिळालं ते 1986 साली. पृष्ठभाग पाहणारा स्कॅनिंग प्रकार 1965 मध्ये बाजारात आला आणि नंतरच्या दशकांत मुंगीचं डोकं, माशीचा पाय, टूथब्रशचे केस यांची चित्रं घरोघरी पोचली. या चित्रांविषयी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, इलेक्ट्रॉनला रंग नसतो. मूळ चित्र करड्या छटांचं असतं, जांभळी मुंगी आणि नारिंगी जीवाणू नंतर संगणकावर रंगवलेले असतात. दोन, बहुतेक यंत्रांत नमुना निर्वात पोकळीत जातो. म्हणून तो वाळवतात आणि त्यावर सोन्याचा किंवा तशाच धातूचा पातळ मुलामा देतात. आपण पाहतो ती मुंगी मेलेली, सुकलेली आणि सोन्याने मढवलेली असते. त्यात फसवणूक नाही, पण हे सांगितलं न गेल्याने घबराट मात्र होते. चेहऱ्याच्या रोमछिद्रांत राहणाऱ्या डेमोडेक्स या किडीचं भेसूर रंगीत चित्र दाखवून साबण विकणं सोपं जातं. ती कीड मिलिमीटरच्या एक तृतीयांश लांबीची असते, आणि बहुसंख्य प्रौढांच्या चेहऱ्यावर ती कसलाही त्रास न देता राहते.

रंगाचा प्रश्न प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकालाही चुकलेला नाही. जिवंत पेशी बहुधा पारदर्शक असते, म्हणून रंग लावावा लागतो, आणि रंग लावताना ती बहुधा मरते. हान्स क्रिश्चन ग्रामने 1884 मध्ये जीवाणूंसाठी शोधलेली रंगपद्धत आजही रोज वापरली जाते. हिवतापाच्या तपासणीत रक्ताच्या थेंबाला रंग दिल्याशिवाय परजीवी ओळखता येत नाही. न रंगवता जिवंत पेशी पाहण्याची युक्ती फ्रिट्स झेर्निकेने काढली. पेशीतून जाताना प्रकाशलहरी किंचित मागे पडतात, त्या फरकाचं त्याने उजेड-अंधारात रूपांतर केलं. 1953 चं नोबेल त्याबद्दलचं.

जिवंत गोष्टी जिवंतपणी पाहायच्या असतील तर पावसाळ्यातली भिंत पुरते. भिंतीवरचं मॉस चिमूटभर खरवडून पाण्यात तासभर ठेवावं आणि ते पाणी चाळीस-शंभर पटींनी पाहावं. त्यात रोटिफर असतात, तोंडाशी केसांची दोन चक्रं फिरल्यासारखी दिसतात. नशिबाने आठ पायांचा, गुबगुबीत, सावकाश चालणारा टार्डिग्रेडही सापडतो. दोघेही कोरड्यात निपचित पडून राहतात आणि पाणी मिळालं की हलू लागतात. लेव्हेनहूकने 1702 साली छपराच्या पन्हळीतल्या वाळलेल्या गाळात रोटिफरचं हे पुन्हा हलणं पाहिलं होतं. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून काढलेले 24 हजार वर्षांपूर्वीचे रोटिफर पुन्हा हलू लागल्याचं 2021 मध्ये जाहीर झालं. टार्डिग्रेड 2007 मध्ये उघड्या अंतराळात ठेवून परत आणले, काही जगले. मात्र त्यांच्या अमरत्वाच्या गप्पा अतिशयोक्त आहेत. ओलाव्यात, हालचाल करत असताना ते तसे नाजूकच.

विहिरीच्या, ओढ्याच्या दगडावरच्या तपकिरी बुळबुळीत थरात डायटम असतात, म्हणजे करंडक वनस्पती. एकच पेशी, पण तिला सिलिकाचं कवच. दोन झडपा, एक दुसरीत घट्ट बसलेली, आणि त्यांवर नेमक्या अंतराने छिद्रं. या छिद्रांच्या ओळी इतक्या काटेकोर की एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाची भिंगं पारखायला त्यांचाच वापर होई. जगातल्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा डायटमचा मानला जातो. कुठली जात कुठल्या पाण्यात वाढते हे ठरलेलं असल्याने नदीच्या प्रदूषणाचा अंदाज त्यांच्यावरून बांधता येतो. 1950 च्या दशकात एच. पी. गांधी यांनी कोल्हापूर आणि परिसरातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर आजही काम चालतं. पंचगंगेच्या पाण्याविषयी इतकी वादावादी होते, त्यात ही जुनी यादी कुणी हाताशी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. तेव्हा कुठल्या जाती होत्या आणि आता कुठल्या आहेत, एवढी तुलनासुद्धा पुष्कळ बोलेल.

समुद्राकडे हेच काम फोरामिनिफेरा करतात, चुन्याच्या कवचाचे एकपेशी जीव. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत स्फटिकाचे कण, शिंपल्यांचे तुकडे, रत्नागिरीकडे इल्मेनाइटचे काळे दाणे, आणि मधूनच गुंडाळी घातलेलं एखादं असं कवच. 1966 साली स्थापन झालेल्या आणि आता गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रतळाच्या गाळातली अशी कवचं निवडून त्यांच्या जाती आणि रसायनं तपासतात. हजारो वर्षांपूर्वी मान्सून केव्हा जोरात होता, केव्हा मंदावला, हे त्यावरून सांगता येतं.

आणि घरातला सगळ्यात अपारदर्शक ऐवज, पाटा-वरवंट्याचा काळा दगड. त्याची चकती घासत घासत 0.03 मिलिमीटरपर्यंत पातळ केली की तीतून प्रकाश आरपार जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री क्लिफ्टन सॉर्बी दगडांचे असे काप घेऊन पाहू लागला तेव्हा त्याची टिंगल झाली, कारण डोंगर भिंगातून पाहायचे ही कल्पनाच लोकांना हास्यास्पद वाटे. दोन पोलरायझरमधून सह्याद्रीचा बेसॉल्ट पाहिला तर फेल्डस्पारच्या करड्या-पांढऱ्या पट्टेदार काड्या, त्यांच्या अध्येमध्ये नारिंगी, निळे, गुलाबी रंग घेणारे पायरॉक्सिनचे दाणे आणि लोहखनिजाचे काळेकुट्ट ठिपके दिसतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा किती वेगाने थिजला, हे दाण्यांच्या आकारावरून वाचता येतं. पाट्याचे गुणही इथेच आहेत. दाणे एकमेकांत घट्ट गुंतलेले, म्हणून तो सहज फुटत नाही. दाणे बारीक, म्हणून झिजता झिजता गुळगुळीत होतो आणि पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी लागते.

राहिलं साधन. स्टॅनफर्डमध्ये मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये फोल्डस्कोप जाहीर केला. हा घड्या घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक, त्यातलं भिंग मण्याएवढं आणि वस्तू 140 पट मोठी दिसते. एका अर्थी लेव्हेनहूकचंच यंत्र, पितळेऐवजी कागदात. ते लाखो मुलांपर्यंत पोचलं आहे. आबेची मर्यादा लक्षात घेतली तर खेळण्यांच्या दुकानातल्या ‘1200 पट’ लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्मदर्शकाचा मोह होऊ नये. भिंग हलकं असेल तर हजार पटींत नवा तपशील दिसत नाही, धूसरपणा मोठा होतो. आमच्या शाळांतली पद्धतही काही बरी नाही. कपाटात कुलूपबंद सूक्ष्मदर्शक, आणि वर्षातून एकदा कांद्याच्या सालीची कुणीतरी आधीच बनवून ठेवलेली स्लाइड. कांदा चांगलाच आहे, पण त्यात मुलाला स्वतःचा असा प्रश्न नसतो. तुळशीचं पान द्यावं. वास कुठून येतो, विचारावं. पानाच्या पाठीवर चाळीस-शंभर पटींत केसांच्या मधेमधे गोल, चकाकणाऱ्या तेलाच्या ग्रंथी दिसतात. मग तेच पान बोटांनी चोळून, वास घेऊन, पुन्हा काचेवर ठेवावं. बऱ्याचशा ग्रंथी फुटून बसलेल्या असतात.